दहाव्याचं पुस्तक

साहित्य माणसाला बदलतं, समाजाला बदलतं आणि वेळ आली तर राज्यंही उलथवतं, असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो. माझ्या स्वतःच्या साहित्यानं फक्त भोकरदनच्या उत्तरेकडचे कावळे बदलले. तेही सगळे नाहीत.

मी भोकरदनला मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं. दिवसा शाळेत उर्दूतून गणित शिकवायचं आणि घरी येऊन मराठीत लिहायचं, असा माझा शिरस्ता. पेन्शनीत निघालो त्या साली, म्हणजे सेहेचाळीसला, एक कादंबरी लिहून झाली. नाव ‘आबा अडले’. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तेव्हा जालन्याच्या एका छापखान्यानं ती लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर छापून दिली. त्यामुळे भुताची कादंबरी गुलाबी निघाली, आणि काही पानांच्या कोपऱ्यात गणपती आला.

गोष्ट साधी होती. आबा नावाचा म्हातारा मरतो. दहाव्याला घरचे लोक नदीवर पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही. शिवणार कसा? आबाचं भूत बाभळीवर त्या कावळ्याचा पाय धरून बसलेलं असतं. खाली नातेवाईक वचनं देतात. नातीचं लग्न करू, देवळाला कळस चढवू, धाकट्याला अंतर देणार नाही. आबाला यातलं काहीच नको असतं. काय हवं होतं ते त्यालाही आठवत नसतं, आणि आठवेपर्यंत पाय सोडायचा नाही असा त्याचा हट्ट. वर्षं जातात. नातेवाईक नदीवरच म्हातारे होतात, एकेक करून मरतात आणि वर येऊन आबाच्या शेजारी बसतात. शेवटी फांदीवर जागा उरत नाही आणि खाली माणूस उरत नाही. आबा कंटाळून पाय सोडतो. तरी कावळा उडत नाही. त्याला भूक नसते. इथं पुस्तक संपतं.

मला हे फार विनोदी वाटलं होतं.

पुस्तकं विकायला भोकरदनात एकच जागा, हुकमचंदचं दुकान. हुकमचंदचे आजोबा मारवाडातून आले होते. दुकानात सुईपासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं मिळे. मी गठ्ठा दिला, त्यानं वरचं एक पुस्तक उघडून दहाव्याचा प्रसंग दीड पान वाचला आणि पुस्तकं नेऊन डाव्या कोपऱ्यात रचली. त्या कोपऱ्यात कोरं कापड, मडकी, सुतळी, गोवऱ्या, गुलाल असा मर्तिकाचा माल असे. मी म्हणालो, हुकमचंद, अरे ही कादंबरी आहे. त्यानं मला समजावून सांगितलं.

“मास्तरसाब, माल जिथं हात जातो तिथंच ठेवावा लागतो. गिऱ्हाईक मर्तिकाचं, पुस्तक मर्तिकाचं. बराबर की न्हाई?”

माझ्या पुस्तकाला वाचक मिळाला तो असा. ज्याच्या घरात प्रेत होतं तोच वाचक. कोरं कापड घ्यायला आलेला माणूस शुद्धीवर नसतो. हुकमचंद देईल ते तो उचलतो. हुकमचंद पुस्तक देई आणि सांगे की दहाव्याचं हाय, घरात कुणाला वाचता येत आसंल तर बसून वाचा. लोक बसून वाचत. ज्या घरात चूल पेटत नव्हती, तिथं सुतकातले दहा लोक भिंतीला पाठ लावून बसत आणि एक जण मोठ्यानं ‘आबा अडले’ वाचे. पहिल्या दिवशी कुणी हसत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी म्हातारी तोंडाला पदर लावी. मग कुणीतरी फुटे, आणि फुटलं की हसू आणि रडू वेगळं करता येत नसे. हे मला लोकांनीच येऊन सांगितलं. काही आभार मानायला आले होते, काही मारायला.

पत्रंही आली. कुंभार पिंपळगावच्या एका गृहस्थांनी कार्ड टाकलं, की आपल्या पुस्तकाप्रमाणे सर्व केलं, कावळा शिवला नाही. तरी दुसऱ्या कावळ्याचं पुस्तक असल्यास धाडावं. एका पेन्शनर कारकुनांना शेवट आवडला नाही. दोनशे पानं आम्ही नदीवर उभे राहिलो आणि कावळ्याला भूक नव्हती, हा वाचकांशी दगा आहे, असं त्यांनी लिहिलं. चौथ्या प्रकरणाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्यात आबाच्या शेताच्या बांधाचं वर्णन आहे, बावीस पानं. ते प्रकरण वाचताना सुतकातलेही झोपले.

वरून आलेल्या एका साहेबानं मला बोलावून पुस्तक उर्दूत वाचून दाखवायला लावलं. तीन दिवस तो रुमालानं डोळे पुसत हसला आणि चौथ्या दिवशी गंभीर झाला. मरून गेला तरी जात नाही आणि सगळ्यांना ताटकळत ठेवतो, असा हा आबा म्हणजे नक्की कोण, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, “हुजूर, कुणी नाही. तो फक्त मेलाय.” त्यानं मला सोडलं, पुस्तक ठेवून घेतलं.

खरा घोळ पान एकशे चाळीसनं केला. एक म्हातारे आजारपणात पुस्तक वाचता वाचता एकशे बाराव्या पानावर वारले. दहाव्याला कावळा येईना. मुलाला वाटलं, बापाचा जीव पुढं काय होतं त्यात अडकला असेल. त्यानं माणूस पाठवून घरून पुस्तक आणवलं आणि नदीवर उभं राहून एकशे तेरापासून वाचायला घेतलं. एकशे चाळिसाव्या पानावर आबाचे दोन जावई त्याच्या कोटावरून भांडतात, आणि एक जण उजवी बाही सोडण्याचं वचन देतो तर दुसरा डावी. ते वाक्य संपलं आणि कावळा खाली आला.

त्यानंतर महिनाभरात पान एकशे चाळीस हे औषध झालं. लोक पुस्तक घेऊन नदीवर जात. ते वाचलं की कावळा कधी येई, कधी न येई, पण आलेला तेवढा लोकांच्या लक्षात राही. मला भोकरदनच्या बाजारात ‘कावळ्याचे मास्तर’ म्हणू लागले. मी ते हसण्यावारी नेलं. मला ते आवडतही होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच पुस्तकानं दुसरं एक काम केलं होतं, ते मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कावळा शिवला नाही तर आपल्याकडे सोय असते. भटजी दर्भाचा कावळा करतात, पिंडाला लावतात आणि लोक घरी जातात. मी नवव्या प्रकरणात त्या दर्भाच्या कावळ्याची यथेच्छ टिंगल केली होती. ‘गवताचा कावळा गवत खाईल, भात कशाला खाईल?’ असं आबा वरून ओरडतो. हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. नंतर नंतर भटजीनं दर्भ हातात घेतला की मागून कुणीतरी ते म्हणे आणि भटजी दर्भ खाली ठेवी. सूर्य मावळेपर्यंत माणसं नदीवर उभी राहू लागली. पूर्वी ती दुपारी जेवायला घरी जात असत.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात धावड्याचा रखमाजी माझ्याकडे आला. पन्नाशीचा शेतकरी, थोड्या बोलण्याचा. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला की उद्या कचरूचा दहावा हाय, तुमी या.

कचरू रखमाजीचा पुतण्या. त्याचा बाप केव्हाच वारला होता. आई गोजरबाई. गोजरबाईची आधीची चार मुलं पाळण्यात गेली, म्हणून पाचव्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं कचरू. मरणानं बघितलं तरी हे काय न्यायचं म्हणून पुढं जावं, अशी त्यातली युक्ती. ती चोवीस वर्षं चालली. होळीच्या चार दिवस आधी कचरू पहाटे गाडी जुंपून भोकरदनच्या बाजाराला निघाला. संध्याकाळी बैल गाडी घेऊन बरोबर आपल्या दारात येऊन उभे राहिले. गाडीत कुणी नव्हतं. वाटेवरच्या गावांत ज्यांनी काही पाहिलं असेल, त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या साली लोकांना फार कमी दिसत असे.

कुणी म्हणत, त्याला वाटेत गाठून मारलं. कुणी म्हणत, तो हद्द ओलांडून पलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कँपात गेला, बंदूक शिकून राह्यला. हे दुसरं बोलणं चुकीच्या कानांवर गेलं आणि रखमाजीच्या घरी निजामाच्या बाजूचे बंदूकवाले लोक दोनदा येऊन गेले. कचरू कुठंय, असं विचारून गेले. तिसऱ्यांदा नुसतं विचारणार नाही, असंही सांगून गेले.

मग एका गुराख्याला घाटाच्या बाजूला बोरीच्या काट्यात कचरूची बंडी सापडली. काखेत गोजरबाईनं घातलेलं ठिगळ होतं, त्यावरून ओळख पटली. रक्त वगैरे काही नव्हतं. बंडी फक्त होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात, पण रखमाजीनं भटजीला गळ घातली. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्यावर ती बंडी घातली, पुन्हा काढून घेतली आणि पुतळ्याला अग्नी दिला. उद्या त्याचा दहावा.

मी विचारलं, रखमाजी, तुला काय वाटतं, तो गेलाय? रखमाजीनं रिकामा पेला ओट्यावर उपडा ठेवला.

“मास्तर, मला काय वाटतं ते ऱ्हाऊ द्या. कचरू मेला म्हंजे बाकीचे जगतील. कावळा शिवला की गाव म्हनंल मेला. गावानं म्हन्लं की ते लोक बी म्हनतील. तुमी फकस्त ते पान वाचा.”

मी हो म्हणालो. माझं पुस्तक कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, असंच अजून मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नदीत पाणी असं नव्हतंच, एका खडकाखाली डोह तेवढा होता. काठावर शंभरेक माणूस होतं. पिंड मांडले होते, शेजारी ती बंडी घडी घालून ठेवली होती. तिच्या बाजूला पाण्यानं भरलेला पितळी तांब्या. तांब्याच्या पलीकडे एक गुळगुळीत दगड होता. तो कशाला, हे विचारायची गरज नव्हती. कचरूची बायको झुंबर समोर बसली होती, विशीतली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. कावळा शिवला की त्या दगडावर तिच्या बांगड्या फोडायच्या होत्या. मधूनच तिचा हात हले आणि पदराखाली बांगड्या वाजत. त्या वाजल्या की बाया दुसरीकडे बघत.

कावळे होते. पलीकडच्या काठच्या लिंबावर पाच-सहा बसले होते. रखमाजीनं हात जोडून वचनं दिली. तुझ्या आईला सांभाळीन. तुझ्या वाट्याची जमीन दाबणार न्हाई. झुंबरला तिच्या मनाप्रमानं वागू देईन. एकेक वचन ऐकताना मी पुस्तक उपरण्याखाली आणखी आत सारत होतो, कारण हा प्रसंग मी लिहिला होता आणि तो वाचून लोक हसले होते. कावळे ऐकत होते. आले नाहीत.

मग रखमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक काढलं. माझी प्रत गुलाबी कागदाची होती. मी पिंडांपाशी जाऊन उभा राहिलो आणि एकशे चाळिसावं पान उघडलं. त्यात दोन माणसं मेलेल्याच्या कोटाच्या बाह्या वाटून घेतात. समोर कचरूची बंडी होती. मी चष्मा पुसला. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

तेवढ्यात गोजरबाई उठून माझ्याजवळ आली. बारीक, काळी, ताठ बाई. सकाळपासून ती रडली नव्हती, म्हणून बायांची आपसात नावं ठेवून झाली होती. पिंडाखालची पत्रावळ सारखी करायचं निमित्त करून ती वाकली आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाली,

“मास्तर, आबा कावळ्याचा पाय धरतो, त्यो कसा धरतो?”

मी म्हणालो, “बाई, ती गोष्ट आहे.”

“ते कळतं मला. मंग आसं तरी पान हाय का, ज्याच्यानं कावळा येनार न्हाई?”

मला चाळीस वर्षं लिहिण्याचा अनुभव होता. प्रत्येक लेखकाला आपलं असं पान ठाऊक असतं, विचारत कुणी नाही. मी पानं मागं उलटली आणि चौथं प्रकरण काढलं. आबाच्या शेताच्या पूर्वेस बांध, बांधावर सहा बाभळी, पैकी दोन वाळलेल्या. मी अगदी सावकाश, स्वच्छ आवाजात वाचू लागलो. पुतण्या मेला हे सिद्ध करायला एका माणसानं मला बोलावलं होतं आणि मी त्याच्यादेखत त्याला फसवत होतो. गावात वाचता येणारे तिघे होते, त्यांना कळलं असावं. ते बोलले नाहीत. पश्चिमेच्या बांधापर्यंत पोचलो तेव्हा मागच्या रांगेतले लोक खाली बसले. दक्षिणेला आलो तेव्हा लिंबावरचे कावळे उडून गेले. माझ्या लेखनाचा इतका सरळ परिणाम मी आधी कधी पाहिला नव्हता.

ऊन कलंडलं. सकाळपासून कुणी खाल्लं नव्हतं. भटजींनी दर्भाची जुडी काढली आणि कावळा वळायला घेतला. रखमाजीचा चेहरा सैलावला. एवढ्यात मागून एक जण बोलला, थट्टेनं नाही, सवयीनं बोलावं तसा, “गवताचा कावळा गवत खाईल.” दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. भटजींचा हात थांबला. रखमाजी त्या लोकांकडे वळून हात जोडून म्हणाला की बाबांनो, पूर्वी चालत व्हतं ना, मंग आज चालू द्या. कुणी नाही म्हणालं नाही. पण चालतंय असंही कुणी म्हणालं नाही, आणि भटजींनी अर्धा वळलेला कावळा खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्या गवतावर रखमाजी घरी जाऊ शकला असता. ती वाट मी बंद केली होती, आणि ती करताना मला स्वतःलाच हसू आवरलं नव्हतं.

तेव्हा गोजरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“मास्तर, पुस्तक तुमचं हाय. तुमीच सांगा. कावळा का आला न्हाई?”

शंभर तोंडं माझ्याकडे वळली. जिवंत आहे म्हणावं, तर बंदूकवाले रखमाजीच्या दारात. मेला म्हणावं, तर समोर दगड आणि झुंबरचे हात. मी माझ्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य म्हणालो.

“त्याला भूक नव्हती.”

हसलं कुणीच नाही. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, पुढं काही असेल म्हणून. नंतर एकेक जण धोतर झटकून उठला. भटजी उठले. झुंबरला दोन बायांनी हाताला धरून उठवलं, बांगड्या तशाच. रखमाजी बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि बंडी काखेला मारून निघून गेला. शेवटी गोजरबाई गेली. दगड तिथंच राहिला.

मी खडकावर बसून होतो. माणसं वळणापर्यंत गेली असतील नसतील, उडून गेलेल्यांपैकी एक कावळा लिंबावर परतला आणि खाली उतरला. म्हातारा, एका पंखात पीस कमी. तो दोन उड्या मारत आला, मान वाकडी करून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पिंडात चोच घातली. सावकाश खायला लागला. चांगली भूक होती त्याला.

मी काय केलं ते सांगतो. कावळ्यांवर दोनशे पानं लिहिलेल्या, तालुक्याच्या मान्यताप्राप्त जाणकारानं तो पितळी तांब्या उचलला आणि कावळ्याला फेकून मारला. कावळा सहज बाजूला झाला. तांब्या खडकावर आपटला, देवळातल्या घंटेसारखा वाजला आणि डोहात गेला. मी गुडघाभर पाण्यात उतरून तो काढला. पोटाला मोठा पोचा पडला होता. कावळा पुन्हा पिंडावर येऊन बसला होता आणि आता त्याच्याबरोबर आणखी दोघे होते. मी मागं पाहिलं. वाट रिकामी दिसली. तांब्या परत द्यायचा तर पोचा कसा पडला ते सांगावं लागलं असतं, म्हणून तो मी धोतराच्या सोग्यात गुंडाळून भोकरदनला आणला आणि फडताळात पुस्तकांच्या मागं ठेवला.

मी कुणाला काही बोललो नाही. महिना-दीड महिन्यानं आषाढ लागला आणि ते लोक रखमाजीच्या घरी तिसऱ्यांदा आले. कावळा शिवला नाही हे त्यांनीही ऐकलं होतं. शिवला नाही म्हणजे जिवंत आहे, हा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता. रखमाजीला घेऊन गेले. आठ दिवसांनी त्याला गावाबाहेर आणून टाकलं. उजवा पाय गुडघ्यातून उलटा वळला होता. हाडवैद्यानं तो होता तसाच बांधला.

भाद्रपदात पलटणी आल्या, राज्य बदललं. साहित्याचा त्यात काही हात नव्हता. तुरुंग उघडले, हद्दीपलीकडचे कँप मोडले, माणसं परत येऊ लागली. धावड्याचे चौघे आले. त्यांच्यात कचरू नव्हता. त्याला कुणी तुरुंगात पाहिला नव्हता, कँपातही नाही. तरी गोजरबाई झुंबरला घेऊन रोज मोटार थांबते तिथं जाऊन बसते, असं मला हुकमचंदनं सांगितलं. तो आता माझं पुस्तक ठेवत नव्हता. शेवट लोकांना पटत न्हाई, असं म्हणाला.

दिवाळी झाल्यावर मला ते सोसेना. मी मनाशी भाषण जुळवलं. अशी भाषणं मी वर्गात चांगली करत असे. अपराध, सत्य, लेखकाची जबाबदारी, सगळे शब्द त्यात होते. ते दोन दिवस घोकलं आणि गाडी करून धावड्याला गेलो.

रखमाजी ओट्यावर पाय लांब करून बसला होता. पाय त्याच्याकडे नसून शेजाऱ्याकडे बघत होता. “या मास्तर,” एवढंच तो म्हणाला आणि आत हाक मारली. गोजरबाई बाहेर आली. मागं दारात झुंबर दिसली, हातात हिरव्या बांगड्या, पाखडायला घेतलेलं सूप. मी म्हणालो, गोजरबाई, जरा एकटीशी बोलायचंय. ती माझ्याबरोबर गोठ्यापर्यंत आली. ते दोन बैल तिथं बांधलेले होते.

मी भाषणाला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यावर शब्द संपले आणि साधं सांगून टाकलं. तुम्ही वळणाआड गेल्यावर कावळा आला. पिंड खाल्ला. मी पाहिलं आणि गप्प बसलो. बोललो असतो तर रखमाजीचा पाय वाचला असता.

गोजरबाईनं बैलाच्या पाठीवरची गोचीड काढली, दगडावर ठेवून चिरडली.

“म्या बी पाह्यलं,” ती म्हणाली. “वळनावरून मागं वळून पाह्यलं व्हतं.”

मग मी विचारलं की तुम्ही का नाही सांगितलं.

“झुंबर पुढं चालली व्हती. तिनं न्हाई पाह्यलं. म्हन्लं, आजचा दिस ऱ्हाऊ द्याव्या बांगड्या, उद्या सांगू. उद्या म्हन्लं परवा. मंग भाऊजींना नेलं. मंग कोन्या तोंडानं सांगू?” ती दुसऱ्या बैलाकडे वळली. “आता आमी मोटारीवर जाऊन बसतो. तिला वाटतं म्या वाट पाह्यते. म्या तिच्यासाठी जाते.”

ओट्यावर रखमाजी खाकरला. त्याला किती ऐकू जात होतं ते मला समजेना. मी म्हणालो, गोजरबाई, माझ्या हातून फार मोठं पाप झालंय, मला त्याचं काही प्रायश्चित्त सांगा. तुम्ही सांगाल ते करीन. सगळ्या प्रती गोळा करून जाळून टाकतो. लिहिणं सोडतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. सकाळपासून कामं पडलेली बाई पाहुण्याकडे बघते तशी.

“ते तुमचं तुमी पाहा,” ती म्हणाली. “त्यो तांब्या तेवढा द्या पाठवून. शेजारच्या दुर्गाबाईचा हाय, सा महिन्यांपासून मागून राह्यली. पोचा पडलाय ते ठावं हाय मला. तसाच चालंल.”